बांगड्याच्या रंगाचा ड्रॅगन: खाऱ्या हवेत मोठं मिनिएचर जोडताना आणि रंगवताना

मिरगाचा पाऊस सुरू झाला त्याच आठवड्यात माझा ड्रॅगन, म्हणजे तुकडे जोडून रंगवायची खेळातली मोठी बाहुली, वेंगुर्ल्यात पोचला. बबल रॅपमधून एकेक करत २९ तुकडे निघाले. मी ते पडवीत वर्तमानपत्रावर मांडून बसलो होतो, तेवढ्यात शेजारचे काका गडग्यावरून डोकावले. "ह्यां काय रे, घोरपड?" मी म्हटलं, पंख असलेली घोरपड समजा. काकांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना, आहे, रंगाशी त्यांचा संबंध चाळीस वर्षांचा. त्यांनी एक पंख हातात घेतला, वजन जोखलं आणि विचारलं, "ह्यो टिकतलो खंय?" म्हणजे हा एवढा जड पंख एवढ्याशा सांध्यावर टिकणार कसा? मोठं मिनिएचर हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हाच पडायला हवा. तीन वर्षांपूर्वी मला तो पडला नव्हता.

तेव्हाचा माझा पहिला ड्रॅगन मी दोन रात्रींत अख्खा जोडला. ऑगस्टमध्ये एके दुपारी जरा उघडीप मिळाली, तशी त्याला बाहेर नेऊन स्प्रे मारला. अस्तर, म्हणजे रंगाआधीचा प्रायमरचा थर, पांढुरकं आणि खरखरीत बसलं, बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी निघायची. पंखाखाली ब्रश जाईना, पोटापर्यंत बोट पोचेना. पंखाच्या सांध्यात मी मोडक्या छत्रीची काडी पिन म्हणून घातली होती. वर्षभरात तिचा गंज रंगातून वर आला आणि खांद्यावर तांबूस ओघळ उमटला. लोकांना वाटलं, मुद्दाम काढलेली जखम आहे. मीही हो म्हणून टाकलं.

ज्यांनी हा प्रकार बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलावर खेळायच्या कल्पनारम्य खेळांत माणसाची बाहुली साधारण २८ ते ३२ मिमी उंचीची असते. नकाशावर बहुधा एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट. त्या मापाचा माझा नवा ड्रॅगन या पंखाच्या टोकापासून त्या टोकापर्यंत ३४ सेंटिमीटर भरतो. त्याच्या पाठीवर एक छोटा स्वार आहे, तो वेगळ्या खोक्यातला, कडक प्लॅस्टिकचा.

आधी कॅलेंडर

परदेशी मार्गदर्शक वाचून काम करणारे कोकणात इथेच फसतात. त्यांचं वेळापत्रक तासांचं असतं, आपलं नक्षत्रांचं लागतं. मी काम दोन भागांत वाटतो. पावसाळ्याचे चार महिने साफसफाई, घासणं, जुळवणं, पिना आणि फटी बुजवायची लांबी. स्प्रे, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं हत्यार) आणि वार्निश दसऱ्यानंतर. शिमग्याच्या आसपास हवा पुन्हा जड व्हायला लागते, त्याआधी शेवटचा हात मारून मोकळं व्हायचं. ब्रशने रंगवणं मात्र बारा महिने चालतं, फक्त पावसाळ्यात दोन हातांमध्ये जास्त थांबावं लागतं.

हिवाळ्यातही दिवसभर स्प्रे चालत नाही. पहाटे दंव असतं. ऊन वर आलं की मतलईने, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्याने, हवा सुकते आणि दुपारी खारा वारा सुटला की पुन्हा ओल येते. माझ्या अनुभवात साडेनऊ-दहा ते बारा ही खरी वेळ. भिंतीवर लावायचा छोटा आर्द्रतामापक घ्या. आकडा ६० च्या खाली असेल तर निर्धास्त, ७० च्या वर असेल तर डबा परत कपाटात. आणि आकडा काहीही सांगो, आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर एक फवारा मारून वीस मिनिटं थांबा. चमचा गुळगुळीत राहिला तर ड्रॅगन बाहेर आणायचा. चमच्यावर साय धरल्यासारखं दिसलं तर चहा करायचा.

खोकं उघडल्यावर

तुकडे कशाचे आहेत ते आधी ओळखा, कारण गोंद त्यावर ठरतो. कडक प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, असेल तर प्लॅस्टिक सिमेंट वापरायचं. ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. रेझिनवर, म्हणजे द्रवापासून घट्ट केलेल्या राळेसारख्या पदार्थावर, ते सिमेंट काहीच करत नाही. तिथे सुपरग्लू नाहीतर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद. माझा ड्रॅगन थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या रेझिनचा आहे, हल्ली आपल्याकडे मोठी मॉडेल बहुतेक अशीच मिळतात.

छापील रेझिनचा तुकडा चिकट लागला किंवा उग्र वास आला तर तो नीट धुतलेला नाही आणि पुरता पक्का झालेला नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या आणि मग यूव्ही दिव्याखाली किंवा उन्हात फिरवत ठेवा. ते अल्कोहोल मोरीत ओतू नका. पारदर्शक बरणीत उन्हात ठेवलं की त्यातलं रेझिन गोळा होऊन घट्ट होतं. धड पोकळ असेल तर निचऱ्याची भोकं शोधा. आत कच्चं रेझिन राहिलं तर काही महिन्यांनी अंग तडकतं आणि चीक बाहेर येतो, रंगासकट. माझ्या शेपटीच्या मुळाशी भोकच नव्हतं. छापणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं, आजवर कुणाची तक्रार नाही. मग मीच पोटाखालून ३ मिमीची दोन भोकं पाडली, आत अल्कोहोल फिरवलं आणि भोकातून यूव्ही टॉर्च धरून बसलो. साच्यात ओतलेलं रेझिन असेल तर त्यावर साच्याचं तेलकट द्रव्य असतं. ते कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने जातं.

पंख वाकडे आले तर घाबरू नका. पाणी चांगलं तापवून गॅस बंद करा, पंख त्यात मिनिटभर धरा, चिमट्याने काढून सपाट ताटावर हलक्या हाताने सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्यात घाला. जोर लावायचा नाही. रेझिन गरम असताना पापडाच्या लाटीसारखं ऐकतं, गार झालं की भाजलेल्या पापडासारखं मोडतं.

छपाईत तुकड्याला दिलेल्या टेकूंचे फुटवे राहिले असतील ते कापून वॉटर पेपरने घासायचे, आधी २४० नंबर, मग ४००, मग ६००. कागद ओलाच ठेवा आणि मास्क लावा. रेझिनची धूळ छातीत जायला नको, आणि ओल्या घासकामात ती उडत नाही.

एक सूचना खास आपल्या घरांसाठी. कपाटात डांबरगोळ्या टाकायची सवय असेल तर प्लॅस्टिकचे तुकडे त्या कपाटात ठेवू नका. नॅप्थलीनच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडून चिकट होतं.

कोरडी जुळणी

आता गोंद लांब ठेवा. सगळा ड्रॅगन मास्किंग टेपने आणि पोस्टर चिकटवायच्या निळ्या मातीने उभा करा आणि दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. येता-जाता बघत राहायचं. कुठे फट पडते, तोल कुठे जातो आणि मुख्य म्हणजे कुठे ब्रश पोचणार नाही, ते या दिवसांत कळतं. जिथे ब्रश पोचत नाही तिथे डोळा पोचतो का, तेही बघा. डोळाही पोचत नसेल तर ती जागा गडद रंगाने भरून सोडून द्यायची. पोचत असेल तर तो भाग आत्ता चिकटवायचा नाही.

मी शेवटी २९ तुकड्यांचे सहा भाग केले: धड, पाय आणि शेपूट मिळून एक, डोकं आणि मान, जीभ-जबडा, दोन पंख आणि बेस, म्हणजे ज्यावर तो उभा राहतो ती बैठक. स्वार सातवा. प्रत्येक भागाला धरायला मूठ हवी. रिकाम्या औषधाच्या बाटलीचं बूच किंवा लाकडाचा ठोकळा, त्यात तार रोवून तुकडा त्यावर बसवा. रंगकाम संपेपर्यंत ड्रॅगनच्या अंगाला बोट लागता कामा नये. आपल्या हाताला कायम घाम असतो, ॲक्रिलिकला तो सोसत नाही.

गिरमिट, तार, गोंद

काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. जड पंख नुसत्या गोंदावर टिकत नाही, सांध्यात पिन घालावी लागते. पिन पितळेची घ्या. लोखंडी खिळा, कागदाची क्लिप, छत्रीची काडी, काहीही समुद्रकाठी गंजतं. तांब्याची तार गंजत नाही, पण मऊ असते; जबड्याला, शिंगांना चालते, पंखाला नाही. पंखांसाठी मी २ मिमीची पितळी सळी वापरली, प्रत्येक पंखाला दोन. एकच पिन घातली तर पंख तिच्याभोवती फिरतो.

भोकं हाताच्या बारीक गिरमिटाने पाडायची, विजेच्या ड्रिलने रेझिन तापतं आणि तडकतं. दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर यावीत म्हणून युक्ती अशी: खांद्यावर पहिलं भोक पाडा, त्याच्या काठावर ओल्या कुंकवाचा ठिपका लावा आणि पंख जागेवर दाबून उचला. ठिपका पंखाच्या मुळाशी उमटतो, तिथे गिरमिट लावायचं. मग कुंकू नीट पुसून घ्या, नाहीतर अस्तरातून गुलाबी डाग वर येतो. भोक दोन्हीकडे ७-८ मिमी खोल हवं आणि सळीपेक्षा किंचित रुंद, म्हणजे शेवटी थोडं हलवून बसवता येतं. सळीचं अंग कानशीने खरवडा, गुळगुळीत धातूला इपॉक्सी धरत नाही.

आता सुपरग्लू. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. त्यामुळे आपल्याकडे तो भराभर धरतो, बरं वाटतं. पण त्याच ओलाव्यात त्याची वाफ सांध्याभोवती पांढरी पूड होऊन बसते. पावसाळ्यात ही पूड हमखास दिसते. उपाय साधा: थेंब नाही, टाचणीच्या टोकाएवढाच लावा आणि पंखा चालू ठेवा. बाटली हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवली तर संपेपर्यंत टिकते, नाहीतर पंधरा दिवसांत दगड. सुपरग्लू झटका सोसत नाही, म्हणून मी तो दात, नखं, काटे असल्या बारक्या गोष्टींनाच वापरतो. भार घेणाऱ्या सांध्याला दोन नळ्यांचा इपॉक्सी, तोही सावकाश सुकणारा. पाच मिनिटांत धरणारा घाईच्या लोकांसाठी आहे. दोन्ही भाग सारखे घ्या, भरपूर घोटा, लावा, टेपने बांधा आणि अख्खी रात्र हात लावू नका.

या टप्प्यावर पायाच्या तळव्यांतही पिना घालून ठेवा, त्या पुढे बेसच्या दगडात जातील. पंख मात्र नुसते पिनांवर कोरडे बसवून बघायचे आणि काढून ठेवायचे. ते रंगकामानंतर चिकटतील.

लांबी

मोटारीला लांबी भरतात तशीच ही. मोठ्या फटींना एम-सील पुरतं. दोन्ही रंगांच्या कांड्या सारख्या घेऊन एकरंगी होईपर्यंत मळा, पण सुपारीएवढंच, कारण हातातच आवळायला लागतं. त्याचा पोत जरा रवाळ असतो. खवले परत उठवायचे असतील तिथे सावकाश घट्ट होणारी हिरवी इपॉक्सी पुट्टी घ्या. बोट आणि हत्यार पाण्यात बुडवत राहा, नाहीतर सगळं बोटालाच येतं.

खवल्यांसाठी विकतचं हत्यार लागत नाही. संपलेली रिफिल तिरपी कापली की तिच्या तोंडाने अर्धगोल उमटतो. शेपटीकडून मानेकडे ओळीने दाबत जा, प्रत्येक ओळ आधीच्या दोन खवल्यांच्या मधोमध. कौलं शाकारताना खालच्या ओळीपासून वर जातात, तेच. मानेच्या सांध्यावर असे ४० च्या वर खवले मी एका रविवारी दाबले. बाहेर पागोळ्या गळत होत्या आणि लाईट दोनदा गेली. या कामाला लाईट फारशी लागत नाही, म्हणून ते पावसाळ्यात ठेवतो.

अस्तर

दसरा झाला, हवा उघडली. स्प्रेचा डबा दोन मिनिटं हलवा, २५-३० सेंटिमीटरवर धरा, फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेर संपवा. एका दमात रंग झाकायचा नाही, पातळ दोन-तीन फेऱ्या. ज्यांना वाट बघणं जमत नाही त्यांनी ब्रशने लावायचं ॲक्रिलिक पॉलियुरेथेन प्रायमर घ्यावं. ते हवेचे नखरे मानत नाही, फक्त खवल्यांच्या खाचेत साचू देऊ नका. एअरब्रश असेल तर ०.३ किंवा ०.४ मिमीचं नोझल, दाब २० पीएसआयच्या आसपास आणि कॉम्प्रेसरला पाणी धरणारा ट्रॅप असायलाच हवा. टाकीतलं पाणी रोज काढा. माझ्या टाकीतून नोव्हेंबरातही चमचाभर निघतं.

मी आधी सगळीकडे काळं अस्तर मारतो, मग ४५ अंशांतून राखाडी, मग थेट डोक्यावरून थोडं पांढरं. याने ऊन कुठून पडतं आणि सावली कुठे बसते त्याचा नकाशाच तयार होतो. पंखांना मात्र दोन्ही बाजूंनी पांढरं. कारण पुढे येतं. अस्तर एक दिवस पूर्ण वाळू द्या.

रंग कुठून आणायचा

ड्रॅगन लाल किंवा हिरवाच असतो असं बहुतेकांना वाटतं. मी रंग बंदरावर शोधला. सकाळी होडी लागते तेव्हा टोपलीतला बांगडा नीट बघा. पाठ निळसर हिरवी, जवळजवळ मोरपंखी. तिच्यावर लांबीने जाणारे बारीक काळसर पट्टे, आणि मासा अगदी ताजा असेल तर त्या पट्ट्यांत सोनेरी झाक. पोट रुपेरी पांढरं. छातीच्या पराजवळ एक काळा ठिपका. तासाभरात ही झाक उडते आणि बांगडा नुसता निळा-राखाडी होतो, म्हणून फोटो लगेच काढायचा. मासळी विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "फोटो काढूक पैशे नाय, पण एक वाटो घेवन जा." घेतला.

वरून गडद, खालून फिकट या रंगसंगतीमागे निसर्गाचा हिशोब आहे. वरून बघणाऱ्याला पाठ खोल पाण्यात मिसळते, खालून बघणाऱ्याला पोट उजेडात. समुद्रावर उडणाऱ्या ड्रॅगनला हेच शोभेल.

रंग किती पातळ करायचा याचं माप घरातलंच घ्या. पहिला पाया घट्ट ताकासारखा, वरचे थर पातळ ताकासारखे, आणि सगळ्यात शेवटचे पारदर्शक हात पेजेवरच्या निवळीसारखे. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे, कारण जाड रंगाखाली खवले बुजतात. पाया भरायला विद्यार्थी वापरतात ते कॅमलचे ॲक्रिलिक चालतात, बेसला तर उत्तम. चेहरा, पंख, स्वार यांना व्हॅलेहो किंवा सिटाडेलसारखे मिनिएचरचे रंग घ्या, त्यांतलं रंगद्रव्य बारीक दळलेलं असतं आणि पातळ केलं तरी फुटत नाही.

ओली पॅलेट घरी करा: चपटा डबा, त्यात भिजवलेला पातळ स्पंज, वर बेकिंगचा कागद. रंग दोन-तीन दिवस ओला राहतो. पण पावसाळ्यात त्यात चौथ्या दिवशी बुरशी येते. स्पंजखाली तांब्याचा तुकडा ठेवा आणि पाणी आठवड्याला बदला.

माझा क्रम असा होता. पाठीवर मोरपंखी, पोटावर करडट पांढरा, आणि कुशीवर दोन्ही ओले असतानाच एकमेकांत ओढलेले. वाळल्यावर सगळ्या खवल्यांवर निळसर काळी शाई, सोलकढीएवढी पातळ. ही शाई खाचांत उतरते आणि खवला सुटा दिसतो. कुठे डबकं साचलं तर कोरड्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्या, वाळल्यावर त्याची कड पडते. कोरड्या दिवसांत शाई अर्ध्या तासात वाळते, पावसात मी सकाळची शाई संध्याकाळपर्यंत सोडतो. त्यानंतर कोरडा ब्रश: जुना रुंद ब्रश, फिकट मोरपंखी रंग, जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाकायचा. हाताच्या पाठीवर फिरवून बघा. रेषांच्या फक्त कडा रंगल्या तर बरोबर. मग खवल्यांवरून शेपटीकडून डोक्याकडे हलकेच. शेवटी पट्टे, शून्य नंबरच्या ब्रशने, आणि त्यांवर निवळीएवढा पातळ सोनेरी. अख्खं अंग धातूच्या रंगाने रंगवू नका, पितळेचं भांडं दिसतं.

पंखांसाठी वटवाघूळ. आमच्या पाणंदीत विजेच्या तारेला चिकटून मेलेलं एक आठवडाभर लटकत होतं. हात लावायचा नाही, लांबूनच बघायचं. मागून ऊन आलं की पडदा तांबूस होतो, बोटांच्या हाडांजवळ गडद, मध्ये फिकट, आणि आडव्या-तिडव्या बारीक शिरा. म्हणून पंखाला पांढरं अस्तर. त्यावर पिवळट कातडी रंग, मग हाडाच्या दोन्ही बाजूंनी तांबूस तपकिरी निवळीचे हात, हाडाकडून मधल्या भागाकडे नव्हे, मधून हाडाकडे ओढत. ब्रश जिथे उचलतो तिथे रंग जास्त सुटतो, म्हणून शेवट सावलीत यायला हवा. असे सात-आठ हात लागतात आणि प्रत्येक वाळावा लागतो. माझे दोन पंख तीन आठवडे चालले. इथे कोरडा ब्रश अजिबात नको, पडदा धुळकट दिसतो.

जबड्याच्या आतला लाल रंग बांगड्याच्या कल्ल्यांवरून घेतला, ताज्या माशाचा. शिंगं आणि नखं मुळाशी गडद तपकिरी, टोकाकडे हस्तिदंती, लांब बारीक रेघांनी. चटकन होतं.

डोळे

काका म्हणाले होते, "डोळे शेवटाक. डोळे काढलंस की ता तुकाच बघूक लागता, मगे तुझो हात थरथरतलो." गणपतीच्या शाळेत आखणी शेवटी असते, ती करणारा हातही ठरलेला असतो. बाहुलीच्या बारीक चेहऱ्याला मी उलट करतो: डोळे आधी काढतो, चुकला फटकारा की भोवतीच्या कातडीच्या रंगाने कापून सारखा करता येतो. स्वाराला तसंच केलं. ड्रॅगनला काकांचं ऐकलं.

डोळ्याची खोबण पूर्ण काळी. आत पिवळा, कडेला काळी रेघ शिल्लक ठेवून. खालच्या अर्ध्यात थोडा फिकट पिवळा, वरच्या पापणीखाली नारिंगी सावली. उभी काळी फट, दोन्ही डोळ्यांना एकाच दिशेने बघणारी. वर एका बाजूला पांढरा ठिपका. दोन्ही मनगटं टेबलावर टेकवा, एक करंगळी दुसऱ्या हाताला लावा, श्वास सोडून रेघ मारा. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, रंगवणारे कलाकार बसतात, त्यांचा हात कसा टेकलेला असतो ते कधी जाऊन बघा. पुस्तकातून हे कळत नाही. ब्रश छोटा असावा लागतो हा गैरसमज आहे, टोक चांगलं असावं लागतं. मी एक नंबरचा सेबलच्या केसांचा ब्रश वापरतो. फार बारीक ब्रशमध्ये रंग डोळ्यापर्यंत जाईतो सुकतो.

बेस

कोकणात बेस विकत घेणं म्हणजे आंब्याच्या बागेत बसून आमरसाचा डबा फोडणं. गडग्याखाली पडलेली जांभ्याची कपची आणली. जांभ्याची भोकं एवढ्या छोट्या मापात गुहांसारखी दिसतात, ड्रॅगनला हवीच असतात. शिवाय दगडाचं वजन पंखांना तोलून धरतं. ब्रशने झाडून, धुऊन, उन्हात दोन दिवस वाळवून त्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलचा हात द्या, नाहीतर लाल धूळ सुटत राहते. पायाच्या पिनांसाठी भोकं इथे विजेच्या ड्रिलने पाडायला हरकत नाही.

किनाऱ्यावरची वाळू वापरायची तर गोड्या पाण्याने तीन-चारदा धुवा. मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढतं आणि गोंद कधीच वाळत नाही. गवताला नारळाच्या सोडणाचे तंतू, सेंटिमीटरभर कापून, फिकट हिरवा कोरडा ब्रश फिरवलेले. सुरूच्या झाडाच्या बारक्या काड्या वाळलेल्या ओंडक्यांसारख्या दिसतात. खरं शेवाळ लावू नका, महिन्याभरात तपकिरी होऊन गळतं. मला ते दोनदा करून बघावं लागलं.

जोडणी आणि वार्निश

आता पंख. सांध्यावर रंग लागला असेल तर खरवडून रेझिन उघडं करा, गोंद रंगाला धरतो आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. इपॉक्सी लावा, पंख बसवा, खाली पुस्तकांची चळत लावून टेकवा आणि रात्रभर ठेवा. सांध्याची बारीक फट राहिली तर पुट्टी, मग तेवढ्याच जागेवर रंग. स्वाराला खोगिरात पिनेवरच ठेवा, चिकटवू नका. तो खेळात मरतो कधीकधी.

वार्निश स्प्रेचं असेल तर चमच्याची परीक्षा पुन्हा, आणि यावेळी जास्त कडक. अस्तर बिघडलं तर घासता येतं, वार्निश पांढरं पडलं तर सहा महिन्यांचं काम दुधात बुडाल्यासारखं दिसतं. असं झालंच तर लगेच पुसायला जाऊ नका. कोरड्या दिवशी चकचकीत वार्निशचा पातळ हात ब्रशने द्या, बऱ्याचदा पांढुरकेपणा त्यात बसतो, मग वर मॅट. मी आता मुळातच ब्रशचं वार्निश वापरतो: हाताळणीत येणाऱ्या भागांवर आधी चकचकीत, मग सगळीकडे मॅट दोन हात. डोळे, जीभ आणि जबडा मात्र शेवटी पुन्हा चकचकीत. ओले दिसतात.

ठेवायला काचेचं कपाट, त्यात सिलिका जेल, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद भाजून परत. आमच्या जुन्या लाकडी पेटीत मी पावसाळाभर झिरोचा पिवळा बल्ब लावतो. नावाला झिरो, खातो साधारण १५ वॉट, तेवढी ऊब पुरते. बल्ब लाकडाला किंवा वस्तूला टेकू देऊ नका.

कुडाळला खेळायला नेताना मात्र मी मासळीचा थर्माकोलचा खोका घेतो. आत स्पंज कापून पायांची, पोटाची जागा केली आहे, पंखांना काहीच टेकत नाही. खोका चारदा साबणाने धुतला, लिंबू चोळलं, दोन दिवस उन्हात ठेवला. तरी झाकण काढलं की टेबलावरचे सगळे एकदा नाक मुरडतात, आणि मग ड्रॅगनच्या पाठीकडे बघून कुणीतरी विचारतं, "अरे, हा बांगडा आहे ना?"